पदवीच्या शेवटच्या वर्षाचा भौतिकशास्त्र प्रकल्प : विषयाकडून प्रश्नाकडे

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी पहिल्यांदा भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या कागदावर बहुधा ‘सौरऊर्जा’ किंवा ‘नॅनो तंत्रज्ञान’ एवढेच लिहिलेले असते. हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवून संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांसाठी हा प्रकल्प १२ श्रेयांकांचा असतो. तरीही अनेकांचे पहिले दोन महिने विषय बदलण्यातच जातात. आपल्या प्रयोगशाळेतल्या कोणत्या उपकरणाने काय मोजणार आणि कोणते उत्तर आले तर आपला अंदाज चुकला असे मानणार, हे दोन वाक्यांत लिहिता येईपर्यंत विषय नक्की झाला असे समजू नये.

सोलापुरात प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. ‘सोलापुरी चादर किती ऊबदार असते?’ हा प्रश्न मोजता येत नाही. परंतु ‘चादरीचे थर वाढवले असता उष्णतेला होणारा रोध थरांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो का?’ हा प्रश्न लीच्या तबकडीच्या, म्हणजे पातळ नमुन्यातून उष्णता किती वाहते ते मोजणाऱ्या, जुन्या उपकरणावर तपासता येतो. वाफेची पेटी, दोन पितळी तबकड्या आणि त्यांच्यामध्ये गोल कापलेला नमुना एवढीच त्याची मांडणी असते. खरी अडचण नमुन्यात आहे. चादरीची ऊब मुख्यतः धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे असते आणि वरच्या तबकडीच्या वजनाने तीच हवा बाहेर ढकलली जाते. म्हणून जाडी सुट्ट्या कापडावर व्हर्नियरने न मोजता, मांडणी पूर्ण झाल्यावर दोन तबकड्यांमधले अंतर तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. एकाच थरावर विसंबूनही चालत नाही, कारण कापड आणि पितळ यांच्या संपर्काचा रोध उत्तरात मिसळतो. एक, दोन, तीन आणि चार थरांसाठी रोध काढून थरांच्या संख्येसमोर आलेख काढावा. बिंदू सरळ रेषेत आले, तर रेषेचा उतार एका थराचा रोध सांगतो आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते ती किंमत मुख्यतः पितळाशी असलेल्या संपर्काची असते.

स्थिर अवस्था, म्हणजे तबकड्यांचे तापमान बदलायचे थांबणे, येण्यास बराच वेळ लागतो, आणि घाई नडते ती इथेच. दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली लागोपाठ तीन वाचने सारखी आल्याशिवाय नोंद करू नये. आमच्या एका गटाची खालच्या तबकडीची वाचने दोन दिवस जुळत नव्हती. अखेरीस लक्षात आले की दुपारी उकडायला लागले की कुणीतरी छताचा पंखा लावत असे. तापमापीची तपासणी वाफेत करताना १०० अंश सेल्सिअस गृहीत धरू नये. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी सुमारे ९८.५ अंशांना उकळते.

विज्ञानशिक्षणावरील प्रकल्प सोपा असतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बलाच्या संकल्पनेवरील सुप्रसिद्ध बहुपर्यायी चाचणी १९९२ साली प्रसिद्ध झाली, पण तिचे केवळ भाषांतर करून भागत नाही. रोजच्या मराठीत बल, शक्ती, जोर आणि ताकद हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात, आणि सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलेही बसलेली असतात. त्यामुळे चुकलेले उत्तर संकल्पनेचे की शब्दाचे, हे ठरवण्यासाठी पाच-सहा मुलांना प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून विचार बोलून दाखवायला सांगावे आणि त्यानंतरच चाचणी पूर्ण वर्गाला द्यावी. शिकवण्यापूर्वीची सरासरी ४० टक्के आणि नंतरची ७० टक्के असेल, तर वाढू शकणाऱ्या ६० पैकी ३० गुण वाढले, म्हणजे लाभ ०.५, असे मांडावे. नुसते ‘३० टक्के सुधारणा’ म्हटल्याने वर्ग मुळात कुठे उभा होता ते कळत नाही. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असावा.

नोंदी पहिल्या दिवसापासून बांधीव वहीत, शाईने आणि तारखेनिशी कराव्यात. चुकलेले वाचन एका रेघेने खोडावे, पान फाडू नये. प्रत्येक उत्तरापुढे त्याची त्रुटी, म्हणजे ते किती कमी-जास्त असू शकते, हे लिहावे. अहवालात प्रस्तावनेची पाने वाढवत बसण्यापेक्षा मोजमापाची पद्धत सविस्तर द्यावी, कारण परीक्षक तेच प्रकरण आधी उघडतात.

तोंडी परीक्षेची तयारीही त्याच वहीतून होते. चादरीच्या प्रकल्पावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : दोन थरांच्या मधल्या हवेचा रोध कोणत्या खात्यात गेला? तो उतारात गेलेला असतो, कारण प्रत्येक नव्या थरासोबत एक नवा सांधाही येतो. म्हणजेच आपण ‘एका थराचा रोध’ म्हणून जी किंमत सांगतो, ती थराची आणि त्याला लागून असलेल्या सांध्याची मिळून असते.