‘रूथलेस’ कुठे वापरावा, कुठे टाळावा

बारावीच्या वह्यांत ‘रूथलेस’पुढे ‘निर्दयी’ एवढाच अर्थ लिहिलेला असतो. तो बरोबरच आहे, पण तेवढ्या भांडवलावर वाक्य करायला बसलं की मुलं अडतात.

आधी शब्द फोडा. ‘रू’ म्हणजे हळहळणं. ‘ट्रू’चं ‘ट्रुथ’ होतं तसं ‘रू’चं ‘रूथ’ झालं: दया, कणव. आज हा ‘रूथ’ एकटा सहसा कुणी वापरत नाही, ‘लेस’ लागूनच भेटतो. बायबलमधलं रूथ हे नाव हिब्रू आहे, त्याचा इथे संबंध नाही.

आता खरी मेख. रूथलेस माणसाला काहीतरी साधायचं असतं आणि त्या आड येणाऱ्याचा तो मुलाहिजा ठेवत नाही. मी वर्गात सावकार घेते. कर्जदाराच्या घरी आजारपण असो की लग्न, व्याज तारखेला हवंच म्हणणारा सावकार रूथलेस. समोरच्याचे हाल बघून तो सुखावत असेल, तर तो क्रुएल. आपल्याकडचा ‘बेमुर्वत’ मला रूथलेसच्या सगळ्यांत जवळचा वाटतो. पाठ करायचाच तर तो करा.

उन्हाला काही साधायचं नसतं, म्हणून वैशाखातल्या उन्हाला ‘मर्सिलेस’ किंवा ‘पिटीलेस’ शोभतो. पाऊस चार दिवस उघडलाच नाही तर ‘रिलेंटलेस’: न थांबणारा, जोर कमी न करणारा.

रूथलेस नेहमी शिवी नसते, हे मात्र मुलांना पटवावं लागतं. ‘बी रूथलेस व्हेन यू एडिट’ हा चांगला सल्ला आहे. त्याचं ‘निर्दयी व्हा’ करू नका. ‘हात न राखता काटछाट करा’ म्हणा. ‘रूथलेस एफिशियन्सी’त कौतुक असतं, पण थोडी धास्तीही असते.

माणसाबद्दल असेल तर पुढे ‘विथ’: ‘शी इज रूथलेस विथ लेटकमर्स’. कृतीबद्दल असेल तर ‘इन’: ‘रूथलेस इन कटिंग कॉस्ट्स’. क्रियाविशेषण ‘रूथलेसली’, नाम ‘रूथलेसनेस’.

नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल तो लिहू नका. एका विद्यार्थिनीने ‘आय अ‍ॅम अ रूथलेस वर्कर’ असं लिहून आणलं होतं. तिला म्हणायचं होतं, मी न थकता काम करते. त्या जागी आम्ही ‘टायरलेस’ घातला.