तूर्तातूर्त मनाई मागताना आधी पैशाचा प्रश्न सोडवा

तूर्तातूर्त मनाई म्हणजे खटला चालू असताना समोरच्याला काही करण्यापासून रोखणारा तात्पुरता हुकूम. त्याच्या अर्जात बहुतेक जण ‘माझीच बाजू खरी’ हे पानोपानी लिहितात. या टप्प्यावर न्यायाधीश खटल्याचा निकाल लावत नसतात. दाव्यात विचार करण्याजोगं काही आहे, एवढं दिसलं तरी बहुधा पुरतं. १९७५ च्या अमेरिकन सायनामिड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हेच सांगितलं.

खरी झुंज पुढे असते: नुकसान पैशाने भरून येईल का? थकलेलं बिल पुढे व्याजासह वसूल होतं, तिथे मनाई कठीण. सामाईक भिंत उद्या पाडली जाणार असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून नेमकं काय जाईल आणि ते का परत येणार नाही, हे प्रतिज्ञापत्रात तारखांसह लिहा. मग न्यायालय तोल पाहतं: मनाई दिली तर कुणाचं जास्त बिघडेल, नाकारली तर कुणाचं?

अर्ज उशिरा केलात, तर घाई होती कुठे, हा प्रश्न येणारच. एकतर्फी, म्हणजे समोरच्याचं न ऐकता दिला जाणारा, हुकूम मागताना स्वतःच्या विरोधात जाणारी कागदपत्रंही दाखवा. लपवाछपवी उघडी पडली तर मिळालेला हुकूमही उठतो. आणि हो, शेवटी हरलात तर समोरच्याची भरपाई करण्याची हमी बऱ्याच ठिकाणी आधीच द्यावी लागते. तेवढी ऐपत आहे ना, बघा.