केस स्टडीवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

'फोर्ब्सने मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा मानांकन दिले' हे वाक्य व्यवस्थापनाच्या अनेक प्रकल्पांत सापडते. सिक्स सिग्मा हा जवळपास बिनचूक कामाचा निकष, पण फोर्ब्स या अमेरिकी नियतकालिकाने असे मानांकन दिलेलेच नाही. १९९८ साली तिथे लेख आला. त्यातला डबे पोचवताना होणाऱ्या चुकांचा आकडा डबेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी बोलताना सांगितलेला अंदाज होता, आणि सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असे लेखक-पत्रकाराने पुढे स्पष्ट केले. तरी आकडा फिरतोच आहे.

पहिली चूक हीच. एकाच लेखावरून उतरवलेले पाच संदर्भ म्हणजे पाच पुरावे नव्हेत, तो एकच पुरावा. शिवाय 'चूक' म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे: डबा उशिरा पोचला, दुसऱ्याच्या टेबलावर गेला, की हरवला? सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ दोष, पण दोषाची व्याख्याच नसेल तर मोजणार काय? व्याख्या पक्की झाली की मुकादमाला विचारा, ग्राहकांना विचारा आणि काही दिवस स्टेशनवर उभे राहून स्वतः मोजा. तिन्ही उत्तरे जुळली नाहीत तर घाबरू नका, खरे संशोधन तिथेच सुरू होते.

दुसरी चूक अधिक महागात पडते: पहिल्या पटलेल्या कारणावर थांबणे. डबे बिनचूक पोचतात ते झाकणावरच्या खुणांमुळे, असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. पण माणसे एकाच भागातली, एकमेकांच्या ओळखीची आहेत. रोजचा रस्ता तोच आहे. लोकलचे वेळापत्रक सगळ्यांना एकाच तालात बांधते. यातले नेमके कोणते कारण? एखादा डबेवाला रजेवर गेला आणि नवखा माणूस आला, त्या दिवशी चुका वाढतात का ते पाहा. खुणाच पुरेशा असतील तर फारसा फरक पडू नये.

मुलाखतीवर सगळा भार टाकणे हीही तशीच गोची. होंडाने अमेरिकेत मोटारसायकली कशा खपवल्या, याचे बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या १९७५ च्या अहवालातले उत्तर होते मोठे उत्पादन आणि कमी खर्च. व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्केल यांनी १९८४ मध्ये होंडाच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून वेगळीच हकिकत मांडली: मोठ्या गाड्या बिघडल्या आणि खपली ती ५० सीसीची छोटी सुपर कब. ही हकिकत मला जास्त पटते. पण तीही वीसेक वर्षांनंतरची आठवण आहे. तेव्हाची कागदपत्रे शेजारी ठेवूनच वाचावी.

'एकाच कंपनीवरून काय सिद्ध होणार?' या प्रश्नाला घाबरून आणखी तीन कंपन्या जोडू नका. व्यवस्थापनाचे संशोधक गिबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १५९ केस स्टडी तपासल्या. निष्कर्ष इतरत्र लागू पडतो हे दाखवण्यावर लेखकांचा भर होता. मोजमाप आणि कार्यकारणभाव त्यामानाने दुर्लक्षित होते. एका केसवरून टक्केवारी काढता येत नाही. मात्र एखादा सिद्धान्त कुठे टिकतो आणि कुठे मोडतो, हे दाखवता येते. गाइडना तेच सांगा.

राहिली फाइल. प्रश्नावली, मुलाखतींच्या तारखा, मूळ टिपणे आणि बदललेले मुद्दे पहिल्या दिवसापासून एका जागी ठेवा. व्हायवात 'हे वाक्य कुठून आले?' असे विचारले की त्यातले पान काढून दाखवता येते.