या चुका टाळा: कुत्र्या-मांजराची तब्येत आपल्या अंगावरून ठरवू नका

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत चुकणारी माणसं बेफिकीर असतात, असं मुळीच नाही. बहुतेक चुका काळजीपोटीच होतात. अडचण एवढीच, की ती काळजी आपण आपल्या अंगावरून मोजतो. साधं तापाचंच घ्या. कुत्र्याच्या कानाला हात लावला, गरम लागला, नाकही कोरडं दिसलं, की घरात लगेच ‘याला ताप आहे’ असा निकाल लागतो. पण कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते कायम गरमच लागणार. नाकाचं म्हणाल, तर ते दिवसातून कितीदा तरी ओलं होतं आणि सुकतं. नुकत्याच झोपेतून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचं नाकसुद्धा कोरडं असतं. ताप बघायचा तर थर्मामीटरने, टोकाला थोडं जेल लावून, गुदद्वारातूनच. प्राणी शांत असताना आकडा १०३ च्या वर गेला, तर डॉक्टरांना फोन करा.

‘अर्धीच गोळी दिली होती’

‘आपण अख्खी घेतो, त्याला अर्धी देऊ’ हा हिशेब सगळ्यात घातक. पॅरासिटामॉल आपल्या घरातलं सर्वांत साधं औषध, पण मांजरासाठी ते विष आहे. ते निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची पुरेशी सोय मांजराच्या यकृतात नसते. मग त्यातून तयार झालेला विषारी भाग रक्तातल्या लाल पेशींवर उठतो, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका, अगदी पाव तुकडासुद्धा नाही.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे कुत्र्याचं औषध मांजराला लावणं. पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब मिळतात, त्यातल्या कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते चालत नाही. अंग थरथरतं, झटके येतात. घरात दोन्ही प्राणी असतील आणि मांजर कुत्र्याला बिलगून झोपत असेल, तर कुत्र्याला काय लावलंय हे आधी वाचा. मांजराच्या अंगाला चुकून लागलंच, तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने लगेच धुऊन थेट दवाखाना गाठा.

विषारी काही खाल्लं की मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. जास्तीचं मीठ स्वतःच मेंदूला इजा करतं. शिवाय दाहक किंवा तेलकट पदार्थ उलटीतून वर येताना दुप्पट नुकसान करतात. काय खाल्लं, किती आणि कधी, एवढी माहिती घेऊन निघा. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

उन्हाचा अंदाज आपल्या घामावरून

आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो वाऱ्याने सुकला की गार वाटतं. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना असतात. तो अंग थंड करतो ते धापा टाकून. म्हणून नुसत्या पंख्याने त्याचं भागत नाही, आणि हवा दमट असेल तर धापाही फारशा उपयोगी पडत नाहीत. पग, बुलडॉग यांसारखे चपट्या नाकाचे कुत्रे आणि पर्शियन मांजरं यांची अवस्था तर आणखी बिकट. त्यांना श्वासच अडखळत मिळतो.

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून प्राण्याला गाडीत ठेवणं ही चूक हवा आल्हाददायक असतानाही जिवावर बेतते. बाहेर २१ अंश सेल्सिअस असलं तरी उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत ३० च्या पुढे जातं. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. फिरायला नेण्याआधी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहा. सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही तो रस्ता चटकाच देणार.

आता उष्माघात झालाच तर काय करायचं, यातही नेहमीची चूक ठरलेली आहे. कुत्रा धापा टाकतोय, घट्ट लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, चालताना झोकांड्या जातायत; अशा वेळी लोक त्याला उचलून गाडीत घालतात आणि दवाखान्याच्या दिशेने सुटतात. आधी अंग गार करा, मग न्या. सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, डॉक्टरांना फोन करून ठेवा. ओला टॉवेल अंगावर पांघरून तसाच ठेवू नका; थोड्याच वेळात तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

‘औषध लावलं, तरी पिसवा जात नाहीत’

ही तक्रार इतकी कॉमन आहे, की औषधच बोगस आहे असा समज पक्का होतो. खरं कारण बहुधा दुसरंच असतं. अंगावर उड्या मारताना दिसते ती प्रौढ पिसू. घरातल्या एकूण पिसवांपैकी ती जेमतेम पाच टक्के. बाकीची ९५ टक्के पलटण अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, प्राण्याच्या अंथरुणात बसलेली असते. कोशातली पिसू तर महिनोन्‌महिने दबा धरून राहते आणि जवळपास हालचाल किंवा ऊब जाणवली की बाहेर पडते. तुम्ही एकदा थेंब टाकलेत, अंगावरच्या मेल्या; दोन आठवड्यांनी घरातल्या नव्या चढल्या.

म्हणून औषध दिलेल्या अंतराने निदान तीन महिने सलग चालू ठेवायचं, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला ज्याचं त्याचं. फक्त खाजवणाऱ्याला लावून भागत नाही. अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा, व्हॅक्यूम रोज फिरवा आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका. थेंब टाकताना केस नीट बाजूला करून कातडीवर टाका. केसांवर पडलेलं औषध वाया गेलं असं समजा. त्याच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ नको.

पिसू दिसत नाही, पण खाजवणं थांबत नाही? बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीच्या बुडाशी विंचरा आणि निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. कणाभोवती तांबूस वलय पसरलं, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर डाग मातकटच राहतो. मांजरं पिसवा चाटून गिळतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर प्रत्यक्ष पिसू सापडणं अवघडच. गिळलेल्या पिसवेतून पोटात टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा जंत, जातो तो वेगळा. मग शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काहीतरी वळवळताना दिसतं.

थंडी पडली की हे सगळं बंद करायचं, हाही आपल्याच सोयीचा नियम. उबदार घरात पिसवांना ऋतू नसतो. गोचीड दिसला तर त्याला जाळणं, तेल-रॉकेल लावणं नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

बोका लिटर बॉक्समध्ये कुंथतोय

हे वाचताना थांबा, कारण ‘बद्धकोष्ठ झालंय’ समजून इथे वेळ जातो. बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, पाठ वाकवतो, जोर करतो, कधी कळवळून ओरडतो, सारखा खालचा भाग चाटतो, आणि वाळूत पाहावं तर थेंबही नाही. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खड्यांनी किंवा चिकट द्रावाने ती तुंबली, की मूत्राशय फुगत जातं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. सकाळपर्यंत वाट पाहण्याचा हा आजार नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

एरवी मांजराच्या पोटात पाणी जास्त जाईल असं बघा. नुसत्या कोरड्या खाण्यासोबत वेट फूड द्या, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी आणि खाण्यापासून लांब ठेवा. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर ‘रुसलंय’ म्हणू नका. विशेषतः जाड मांजरात उपाशीपणाने यकृतात चरबी साठते आणि तो आजार अवघड असतो.

खाण्यातलं थोडक्यात

चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, दारू यातलं काहीही नको. शुगर-फ्री च्युइंगगममधल्या झायलिटॉलने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासातच कोसळू शकते. शिजवलेली हाडं कुसळांसारखी फुटतात. घरात मांजर असेल तर फुलदाणीत लिली नको. परागकण चाटल्याने किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायल्यानेही मांजराची मूत्रपिंडं जातात.

यापेक्षा मोठी आणि रोजची चूक मात्र वजनाची आहे. लाडाने दिलेला खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, तरी आपण जुनंच माप देत राहतो. बरगड्यांवरून हात फिरवा. आपल्या उताण्या तळहातावरून बोट फिरवल्यासारखं मऊ लागलं तर प्राणी जाड आहे, पालथ्या हातासारखं लागलं तर ठीक, आणि वळलेल्या मुठीच्या सांध्यांसारखं टोचलं तर रोडावलाय.

ओल आणि गारठा

पावसात भिजून आल्यावर पाठ पुसतात आणि बोटांमधल्या बेचक्या तशाच राहतात. खाज आणि बुरशी तिथेच सुरू होते. कान बाहेरून कोरडे करा, आत इअरबड घालू नका. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दरवर्षी लागते. लसीवरून आठवलं: पिल्लाला एक डोस दिला म्हणून लगेच बाहेर मिसळू देऊ नका. आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीचा परिणाम अडवतात, म्हणूनच डोस १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा दिले जातात. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो.

थंडीत मांजरं ऊब शोधत गाडीच्या इंजिनाजवळ जाऊन बसतात. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. म्हातारं मांजर उंचावर उडी मारायचं सोडतं, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून विषय संपवू नका. बहुतेकदा सांधे दुखत असतात आणि त्यावर उपचार आहेत.

ससा आणि पक्षी घरात असतील तर दोनच गोष्टी. सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या, तर तेवढंच कारण दवाखान्यासाठी पुरेसं आहे. आणि नॉनस्टिक पॅन फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून लांबच ठेवा.

रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, ते आजच विचारून घ्या. प्राण्याचं ताजं वजन, लशींच्या तारखा आणि चालू औषधांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. विषबाधेचा संशय असेल तर वेष्टण किंवा झाडाची फांदी सोबत न्या.