भांडुप ते दादर, स्कूटरवरून

भाचीने नवी स्कूटर घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, समोरचा अचानक वळला तर काय करू?" मी चौदा वर्षं भांडुप ते दादर स्कूटरने जाते-येते. तिला म्हटलं, अगं, अचानक फारसं काही होत नाही. आधी खूण दिसते. ती टिपायची सवय लाव.

एलबीएस मार्गावर शीवपर्यंत रिक्षांचं राज्य. इंडिकेटरची वाट बघत बसू नकोस, रिक्षाचं पुढचं चाक बघ. उभ्या रिक्षाचं चाक वळलेलं दिसलं, की ती त्याच बाजूला निघणार. धावती रिक्षा रिकामी असेल तर नजर फूटपाथवर ठेव. तिथे कुणी हात केला, की ती तुझ्यासमोरून डावीकडे शिरलीच म्हणून समज.

गांधीनगर जंक्शनला डंपर असतात. वळणाऱ्या डंपरच्या डाव्या अंगाला कधीच थांबायचं नाही; त्याचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून येतं. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस.

शीवच्या पुढे रिक्षा बंद, टॅक्सी सुरू. इथे दारं सांभाळायची. थांबलेल्या टॅक्सीत मागे डोकं दिसतंय का? ते दाराकडे सरकतंय का? दादरला एका संध्याकाळी टॅक्सीत आतला दिवा लागलेला मला दिसला होता. आतली बाई पर्समध्ये सुटे शोधत होती. तरी मी हॉर्न देऊन अगदी खेटून पुढे निघाले आणि दार उघडलं. डावं कोपर अजून पावसाळ्यात ठणकतं. उघडलेलं दार मावेल एवढी जागा सोडायचीच, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर असं मोज: ती एखाद्या खांबापाशी पोचली, की मनात सावकाश "गणपती बाप्पा मोरया" म्हण. दोनेक सेकंद जातात. म्हणून व्हायच्या आत तू खांबापाशी पोचलीस, तर फार जवळ आहेस. ताशी 40 च्या वेगाला एका सेकंदात 11 मीटर जातात, आणि ब्रेकपर्यंत हात पोचायलाच सेकंदभर लागतो.

पावसात हे अंतर दुप्पट. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि पेव्हर ब्लॉक यांवर ब्रेक दाबायचा नाही, वळायचंही नाही. वेग आधीच उतरवायचा. साचलेल्या पाण्याचा तळ दिसत नसेल, तर पुढची गाडी जिथून नीट पार झाली तिच्याच चाकोरीतून जा.

संध्याकाळी परतताना सगळ्यात जास्त जप. फोन डिकीत टाक. घाटकोपर कधी मागे पडलं ते आठवत नसेल, तर डोळे उघडे असून तू रस्ता बघत नव्हतीस. मला असं झालं की मी विक्रोळीला टपरीवर थांबते. हेल्मेट काढते, तोंडावर पाणी मारते, एक कटिंग घेते आणि दहा मिनिटं नुसती उभी राहते. भाचीलाही ती टपरी दाखवून ठेवली आहे.