पणजीतले दोन दिवस: होळीनंतर काय खावं, काय घ्यावं

मार्च-एप्रिलमध्ये गोव्याला यायचं आणि खाणं-खरेदी हाच मुख्य बेत असेल तर किनाऱ्यावर खोली घेऊ नका, पणजीत उतरा. मळा आणि फोंतेन्यस या जुन्या वस्त्यांपासून कांपालच्या बाजारापर्यंतचा सगळा पट्टा जेमतेम दोन किलोमीटरचा आहे, तो पायी होतो. भाड्याच्या गाडीचा इथे उपयोगापेक्षा त्रास जास्त, कारण ३१ जानेवारी रस्ता अरुंद आहे आणि पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. तरीही दुचाकी हवीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं की ताटकळत उभं राहायचं ते तुम्ही.

वार नीट निवडा, अर्धं काम तिथेच होतं. रविवारी १८ जून रस्त्यावरची बरीच दुकानं बंद असतात आणि बाजारही मंदावतो. शुक्रवार-शनिवार उत्तम. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत नुस्तं (मासे) शिजत नाही. त्या दिवशी शिवराक (शाकाहारी) थाळीवर भर द्या, त्यात नुकसान काही नाही. गुड फ्रायडेला फोंतेन्यसमधली बेकरी, बार, दुकानं बंद सापडण्याची तयारी ठेवा. त्याच्या पुढेमागे मात्र बेकऱ्यांत ईस्टरची मार्झिपानची (काजू-बदामाच्या गोड लगद्याची) अंडी लागतात, ती बघण्यासारखी असतात. होळीनंतरच्या पंधरवड्यात शिगम्याची चित्ररथ मिरवणूक पणजीतून निघते. तारीख पर्यटन खातं आधी जाहीर करतं. त्या दिवशी दुपारपासूनच रस्ते बंद व्हायला लागतात, म्हणून जेवणाचं टेबल मिरवणुकीच्या मार्गापलीकडे ठरवू नका.

वाराइतकंच महत्त्वाचं घड्याळ. दुपारी एक ते साडेतीन-चार पणजी झोपते. मोठी दुकानं हल्ली उघडी असतात, पण तुम्हाला हवी ती छोटी, जुनी, गल्लीतली दुकानं नसतात. साडेअकराला आरामात निघून ‘आधी खरेदी, मग जेवण’ असा बेत करणाऱ्यांच्या वाट्याला बंद शटर येतात. खरेदी साडेनऊ ते साडेबारा आणि पुन्हा साडेचार ते साडेसात या वेळांत बसवा. मधल्या वेळात जेवण आणि सावली.

सकाळची सुरुवात भाजीने करा. कॅफे भोसले किंवा चर्च चौकाजवळच्या बोळातलं कॅफे टाटो, दोन्ही चालतील. महाराष्ट्रातली बटर घातलेली पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे वाटाण्याची नाहीतर चण्याची नारळ घातलेली पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, टोमॅटो भाजी असे प्रकार वेगवेगळे मिळतात. पहिल्यांदा येणाऱ्याने ‘मिक्स’ मागवावी, पातळ आणि सुकी एकाच बशीत येतात. सोबत पाव, आणि एक प्लेट बन्स. केळं घातलेले हे गोडसर फुगीर बन्स सकाळीच संपतात, दहाच्या आत पोहोचा. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि खाऊन झाल्यावर बसून राहणाऱ्याकडे वेटर कटाक्ष टाकतो. ते रास्तच आहे.

तिथून फोंतेन्यस. उजेड मऊ असतानाच, म्हणजे साडेदहाच्या आत, गल्ल्या बघून घ्या. ही लोकांची राहती घरं आहेत. दुसऱ्याच्या पायरीवर बसून, दाराला टेकून फोटो काढणं इथल्या रहिवाशांना आता असह्य झालेलं आहे. रस्त्यावरून काढा आणि पुढे व्हा. ३१ जानेवारी रस्त्यावर कन्फेइतारिया ३१ द जानेरो ही १९३० पासूनची बेकरी आहे. पॅटिस आणि बेबिंका, दोदोल हे गोव्याचे गोड पदार्थ इथे मिळतात.

खरेदीत सगळ्यात जास्त विचार लागतो तो अझुलेजूंना, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत फरश्यांना. वेल्हा गोवा गॅलेरिया हे फोंतेन्यसमधलं त्यांचं ठरलेलं दुकान. घराच्या नावाची पाटी करून घ्यायची असेल तर पहिल्याच दिवशी सकाळी ऑर्डर द्या आणि नाव कागदावर मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून द्या. फोनवर सांगितलेल्या नावात ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि फरशी भट्टीतून आली की दुरुस्ती नाही. रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, खरवडून निघत नाही. भाजायला वेळ लागतो, त्यामुळे दोन दिवसांत हातात मिळेल असं गृहीत धरू नका, कुरिअरचं आधीच विचारा.

हाताने रंगवलेली फरशी आणि छापील चित्र डकवलेली फरशी यांत किमतीचा मोठा फरक असतो, आणि रस्त्याकडेच्या स्टॉलवर दुसरी पहिलीच्या नावाने विकली जाते. ओळखायचं असं: फरशी उजेडात तिरकी धरा. हाताच्या कामात निळा रंग एका फटकाऱ्यात कुठे गडद, कुठे फिका दिसतो, रेषेच्या टोकाशी रंग साचलेला असतो. छापील चित्र जवळून बारीक ठिपक्यांचं दिसतं. शिवाय एकाच नमुन्याच्या दोन फरश्या शेजारी ठेवा. शब्दशः सारख्या असतील तर त्या छापील. पंधरा सेंटिमीटर चौरस फरशीचं वजन पाव किलोच्या वर जातं, चारांत एक किलो. नेताना दोन-दोन फरश्या चित्राची बाजू आत करून, मध्ये कापड घालून बांधा आणि बॅगेत आडव्या नव्हे, कडेवर उभ्या ठेवा. आडव्या फरशीवर वरच्या सामानाचा भार मधोमध येतो आणि ती तडकते. विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेत घ्या.

साडेबाराला जेवायला बसायचं, एकला नाही. १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक आणि महालक्ष्मी देवळाजवळचं कोकणी कांतीन ही नुस्त्याच्या थाळीची दोन भरवशाची ठिकाणं. एकनंतर दोन्हीकडे रांग लागते. थाळीत भात, हुमण (माशाची आमटी), भाजी, किस्मूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर), कधी तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी आणि तळलेली एक तुकडी येते. घोळ होतो तो वरच्या ऑर्डरमध्ये. इसवण (आपली सुरमई), चणक, पापलेट यांचे दर आकारावर ठरतात, मेन्यूवर नुसतं ‘आकाराप्रमाणे’ लिहिलेलं असतं. मासा दाखवायला सांगा, किंमत विचारा, मग होय म्हणा. रवा लावून की मसाला भरून तेही आधीच सांगा. मार्च-एप्रिलमध्ये नुस्त्याची अडचण नसते. ट्रॉलरची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते.

निवांत, थोडं नटूनथटून बसायचं जेवण संध्याकाळसाठी राखा. ३१ जानेवारी रस्त्यावर वेनिते या रेस्टॉरंटच्या पहिल्या मजल्यावर एका टेबलापुरत्या चिंचोळ्या बाल्कन्या आहेत. तिथेच बसायचं असेल तर दुपारी जाऊन सांगून ठेवा. जवळच्या गल्लीत विवा पणजिम आहे, शागोती (भाजलेल्या नारळ-मसाल्याचा रस्सा), काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी), व्हिंदालू तिथे खावं. व्हिंदालू व्हिनेगरचा आंबट असतो आणि बहुधा डुकराच्या मांसाचा. न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

दुपारची उन्हं आल्तिन्योवर काढा. टेकडीवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे, प्रदर्शनं बघायला पैसे पडत नाहीत आणि अंगणातल्या कॅफेत झाडाची सावली आहे. फोंतेन्यसमधून पायऱ्यांनी वर जाता येतं, पण दोन वाजता ते धाडस नको. या दिवसांत तापमान तेहतीसच्या आसपास असलं तरी दमटपणाने माणूस भिजून निघतो. रिक्षा करा, भाडं बसण्याआधी ठरवा.

संध्याकाळी १८ जून रस्ता, काजूसाठी. हंगाम नेमका हाच. पाकिटावरचा ‘डब्ल्यू’पुढचा आकडा वाचा. तो एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात ते सांगतो. डब्ल्यू १८० सगळ्यात मोठा, २४० चांगला, ३२० रोजचा. आकडा वाढला की गर लहान, आणि भाव उतरायला हवा. मिठाईत घालायला पाकळी किंवा तुकडा घ्या, अख्ख्याचे पैसे कशाला? गोव्याची खासियत सालासकट भाजलेला काजू. त्याची साल चिमटीत सहज सुटली पाहिजे. एक गर मोडून बघा: ताजा कट्कन तुटतो, जुना वाकतो आणि खवट वास मारतो. बाहेरून आणलेला काजूही ‘गोवा’ छापून विकला जातो, म्हणून झांट्येसारख्या जुन्या नावाचं बंद पाकीट घ्या आणि पॅकिंगची तारीख बघा. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मानकुराद आंबा आणि बेबिंकालाही त्याच वर्षी.

मानकुरादचा मोह मार्चमध्ये आवरा. पहिल्या आंब्यांचा डझनाचा भाव हजारांत बोलला जातो आणि ते श्रीमंती दाखवायचं फळ आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात भाव माणसात येतो. देठाशी वास नसलेला, एकसारखा पिवळाधमक आंबा घेऊ नका. सालीवरचे बारीक काळे ठिपके मानकुरादला शोभतात.

कपड्यांत घेण्यासारखं एकच सुचवू: कुणबी कापड. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं हे सुती लुगडं जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा चलनात आणलं. हस्तकला महामंडळाच्या ‘अपरांत’ दुकानांत चौकशी करा. कापड उलटून बघा. विणलेल्या चौकड्या दोन्ही बाजूंनी सारख्या आणि धाग्याच्या बरोबर सरळ जातात. छापलेल्या उलट्या बाजूला फिक्या पडतात आणि कडेला तिरक्या होतात. लाल रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत उतरतो, थंड पाण्यात वेगळं धुवा.

अंधार पडला की कोपऱ्याकोपऱ्यावर रोस-ऑम्लेटच्या गाड्या लागतात. ऑम्लेटवर शागोतीचा गरम रस, कांदा, लिंबू, बाजूला पाव. रस कोंबडीचा असतो. अंडं चालतं पण मांस नाही, अशांनी चण्याचा आहे का ते विचारावं.

पिणाऱ्यांसाठी हा उर्राकचा मोसम. बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसाचं हे पहिल्या धारेचं पेय, फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतच मिळतं. फोंतेन्यसजवळचा जोसेफ बार इतका लहान आहे की गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून पितं. ठरलेली कृती: ६० मिली उर्राक, त्यावर १५० ते २०० मिली लिम्का, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, बर्फ. सरबतासारखं लागतं आणि तिथेच फसगत होते. उन्हात, रिकाम्या पोटी तीन ग्लास झाले की संध्याकाळ गेली. मध्ये साधं पाणी प्या. फेणी ही त्याच रसाची पुन्हा गाळलेली, ४२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तिला हे प्रमाण लावू नका.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार येत असेल तर सकाळी आठच्या आत कदंबा बस स्टँडवरून म्हापशाची शटल बस पकडा. शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची, मयड्याची केळी, चोरिसांच्या (डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या) माळा, मातीची भांडी मिळतात. अकरानंतर गर्दीत काही निवडता येत नाही. शुक्रवार नसेल तर कांपालचा पालिका बाजार पुरेसा आहे, आणि चर्चसमोरचं सिंगबाळ बुक हाऊस पुस्तकांसाठी.

गोड पदार्थ निघायच्या दिवशीच घ्या. बेबिंकात अंड्याचे बलक आणि तूप असतं, उपासाला किंवा शाकाहारी घरात भेट द्यायची नाही. तिथे दोदोल द्या, तो तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गुळाचा. बेबिंकाचे थर बाजूने बघा: प्रत्येकाची तपकिरी रेघ वेगळी दिसली पाहिजे. सगळं एकजीव, पिठूळ दिसत असेल तर थर घाईने भाजलेत. खाताना किंचित गरम करा, थंड बेबिंका रबरासारखी लागते. चोरिस दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर कुणबी कापडाला महिनाभर व्हिनेगरचा वास येईल.

उर्राक घरी नेऊ नका, ती टिकत नाही आणि प्लास्टिकच्या बाटलीतून गळते. फेणीचं म्हणाल तर गोव्याची दारू विनापरवाना महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात. रेल्वेने जाणाऱ्यांनी करमळी स्थानक गाठायला पणजीहून पाऊण तास हाताशी ठेवावा. अंतर बाराएक किलोमीटरच आहे, पण रात्री ऐनवेळी टॅक्सी मिळत नाही, ती दुपारीच सांगून ठेवा.