उंदराच्या मेंदूचा एफडीजी-पेट स्कॅन करताना
अल्झायमरच्या उंदराला एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेला ग्लुकोजसारखा पदार्थ, टोचून मेंदू कुठे किती ग्लुकोज वापरतो ते पेट स्कॅनमध्ये बघतात. आधी उंदीर कुठला ते बघा. टीजी२५७६ या जनुक बदललेल्या जातीत प्लाक (अमायलॉइड प्रथिनाचे साके) होतात पण न्यूरॉन फारसे मरत नाहीत, पेशी मरताना बघायच्या असतील तर ५एक्सएफएडी ही जात घ्या, त्यात कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या भागाचा) ५वा थर विरळ होतो.

स्कॅनआधी काही तास उपाशी ठेवा, आणि उबेत हां, गारठला की ब्राऊन फॅटच (उष्णता बनवणारी चरबी) एफडीजी ओढून घेतं. आयसोफ्लुरेनची (भुलीच्या वायूची) घाई नको, त्याने मेंदूचा ग्लुकोजचा वापरच मंदावतो, म्हणून इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास जागाच राहू द्या. डोळ्यामागची हार्डेरियन ग्रंथी भयंकर चमकते, शेजारचा पुढचा मेंदू जपून वाचा.

स्कॅनमधला ग्लुकोज वापराचा आकडा वाढला तरी हुरळू नका, मायक्रोग्लियापण (मेंदूतल्या संरक्षक पेशी) ग्लुकोज खातात. न्यूरॉन किती उरले हे कळायला मेंदूचे काप काढून न्यूएनने (न्यूरॉनची खूण असलेल्या प्रथिनाने) रंगवून मोजायलाच लागतं, कंटाळवाणं काम आहे खरं.